तिकडून नकार आला नव्हता

बाई, गेल्या रविवारी तुमचा भाचा वारज्याला माझ्या घरी आला होता. तुमची इमारत आता पाडणार आहेत, पुनर्विकासाला गेली आहे, सगळ्यांनी घरं रिकामी केली. "आत्याच्या कपाटात ही पिशवी होती. वर तुमचं नाव आहे, म्हणून आणली," असं म्हणून त्याने एक कापडी पिशवी टेबलावर ठेवली. मी चहाचं विचारलं, तर म्हणाला, "नको, गाडी चुकीच्या जागी लावली आहे, आणि चहा मी घरून पिऊन निघतो." तुमच्याच घरातला, लगेच ओळखू आला. तो गेल्यावर मी पिशवी उघडली. माझे एम. ए.चे निबंध होते, तुमच्या लाल शाईतल्या दुरुस्त्यांसकट. मी अमेरिकेतून तुम्हाला लिहिलेलं एकमेव पत्र होतं. आणि सगळ्यांत खाली तुमच्या जर्मनीतल्या मित्राचं पत्र. तुमच्या विद्यार्थिनीने आमची जागा नाकारली, असं त्यांनी लिहिलं होतं. "तुम्ही तिच्याविषयी जे कळवलं होतं त्यावरून मला फार आशा होती, शेवटच्या दिवसापर्यंत मी जागा राखून ठेवली." कोपऱ्यात तुमच्या शिसपेन्सिलीने 'उत्तर दिले' आणि तारीख. ती तारीख मी निघण्याच्या तीन आठवडे आधीची आहे.

मी तुम्हाला सांगितलं होतं की तिकडून नकार आला.

ते दिवस मला फार स्वच्छ आठवतात. मी तेवीस वर्षांची, धर्मांचा अभ्यास पुढे करायचा एवढंच ठरलेलं. जर्मनी आणि अमेरिका, दोन्हीकडे अर्ज केले होते. जर्मनीत तुमच्या मित्राच्या हाताखाली जुनी प्राकृत वाचायची, तुमची पोथी पुरी करायची. त्या पोथीच्या तीन प्रती ताडून बघण्यात तुमची अकरा वर्षं गेली होती आणि डोळे साथ देत नव्हते. "अर्धी मी केली, अर्धी तुझी," असं तुम्ही परस्पर ठरवून टाकलं होतं. अमेरिकेतल्या विभागात मात्र माणसांमध्ये जाऊन बसायचं, त्यांचा देव त्यांच्या तोंडून ऐकायचा. मला पेठेतल्या त्या देवळात मंगळवार-शुक्रवारी अंगात येणाऱ्या बायकांवर काम करायचं होतं. हे मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तुम्ही चष्मा काढून पुसलात. "त्यांना प्रश्न विचारणार तू. उत्तर देवी देणार की बाई, हे कसं ओळखणार? आणि पेठेतल्या बायकांना भेटायला अमेरिकेला कशाला जायला हवं? पाच नंबरची बस जाते." मला हसू आलं होतं, आणि घरी पोचेपर्यंत रडूही आलं.

मग दोन्हीकडून होकार आले, एकाच आठवड्यात. तुमच्याकडे मी शनिवारी आले. तुम्ही स्वयंपाकघरात डाळिंब्या सोलत बसला होतात. मला बसायला पाट दिलात आणि वाल पुढे सरकवलेत, म्हणजे बोलायला हरकत नाही. मी खूप वेळ सोलत राहते. बोटं बुळबुळीत झालेली. उन्हाची तिरीप ओट्यावरून खाली उतरते आणि मी खाली बघूनच म्हणते, "अमेरिकेचं झालं, बाई. जर्मनीतून नकार आला." तुमचा हात थांबत नाही. "कारण काय दिलं?" "दिलं नाही." "हं. तो सहसा देतो." मग तुम्ही उठून हात धुतलेत, आमटीला फोडणी घातलीत आणि मला जेवून जायला सांगितलंत. तुम्हाला दुखावू नये म्हणून मी खोटं बोलले, असं मी पुष्कळ वर्षं मानत आले. खरं एवढंच होतं की तुमच्यासमोर बसून 'मला तुमची पोथी नको' म्हणायची माझी छाती नव्हती.

निघायच्या आदल्या दिवशी तुम्ही आमच्या घरी आलात. रिक्षाने कधी न येणाऱ्या तुम्ही रिक्षाने आलात, म्हणून आई गोंधळली होती. तुम्ही पिशवीतून एक खोकं काढलंत. बुधवार पेठेतून आणलेला छोटा टेपरेकॉर्डर होता. "दुकानदाराने तीनदा विचारलं, गाणी ऐकायला हवा का. माणसं बोलत असताना लिहीत बसू नकोस. त्यांच्याकडे बघत जा. लिहिणाऱ्यांना ती खरं सांगत नाहीत." मला वाटलं, नाइलाजाने का होईना, तुम्ही माझी निवड मान्य केलीत. आता ती तारीख बघितल्यावर कळतं की तो टेपरेकॉर्डर तुम्ही सगळं माहीत असताना आणला होता. दुकानात उभ्या राहून, तीनदा उत्तर देऊन.

तिकडे गेल्यावर मी फारशी कुणाची झाले नाही. वर्गात सगळे हुशार होते आणि भराभर बोलायचे. तुमची दोन पत्रं आली. पहिल्याला मी उत्तर लिहिलं, विभाग किती मोठा आहे, ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडं असतं, असलं काहीतरी. दुसऱ्यात तुम्ही पोथीतला एक अडलेला शब्द पाठवला होतात, तुला काय वाटतं म्हणून. मला अर्थ साधारण सुचला होता. पण तो लिहिला असता तर मी अजून त्या कामात आहे असं तुम्हाला वाटलं असतं, या भीतीने मी तो लिहिलाच नाही. दुसऱ्या हिवाळ्यात आईचा फोन आला. तुम्हाला जाऊन तीन दिवस झाले होते. त्या दुपारी मला वर्गात निबंध वाचायचा होता, तो मी वाचला. नंतर एकीने विचारलं, तू ठीक आहेस ना. मी म्हटलं, माझ्या शिक्षिका गेल्या. ती म्हणाली, अरेरे, किती वर्षं शिकवत होत्या तुला? मी आकडा सांगितला. तो फार मोठा नव्हता.

हे सगळं आत्ता वर आलं त्याला आणखी एक कारण आहे. तिकडून परत आल्यापासून मी इथे विद्यापीठात शिकवते. माझ्याकडे एक विद्यार्थिनी आहे, यवतमाळकडची, वडील चाकणला कारखान्यात. मंडईतल्या भाजीवाल्या बायका गाळ्यात कुठले देव मांडतात, ते कधी बदलतात आणि का, यावर तिने एम. ए.ला काम केलं. तुम्हाला विषय पसंत पडला नसता, मुलगी पडली असती. दोन आठवड्यांपूर्वी ती म्हणाली, "मॅडम, कॅनडाची ॲडमिशन कन्फर्म झाली. आणि तुमच्याकडे पीएच.डी.चा इंटरव्ह्यूपण क्लिअर आहे. मी खरंच कन्फ्यूज्ड आहे. तुम्ही सांगाल ते करते." मी म्हटलं, घाई नको, बघू. मग जाता-येता मी तिला इथलं महत्त्व सांगत राहिले. तुझी माणसं इथे आहेत, मंडई इथे आहे, तिकडे बर्फात कुणाशी बोलणार. ती मान डोलवायची. आई गेल्यापासून मी एकटीच राहते, बाई. आठवड्यातून दोनदा ही मुलगी घरी येते, वाद घालते, डबा विसरून जाते. मला ती हवी होती. संशोधनाचं नाव मी वर लावत होते.

तुमच्या मित्राचं पत्र वाचल्यावर मी दोन दिवस तिच्याशी बोललेच नाही. बुधवारी मंडईत गेले. ती एका मावशींच्या गाळ्याशी बारदानावर बसून मटार सोलत होती. मी म्हटलं, "कॅनडाला जा." तिने मान वर केली. "मॅडम, पण तुम्ही तर म्हणत होतात..." "म्हणत होते. माझ्या सोयीचं होतं म्हणून. तुझा ओढा कुठे आहे?" तिने हातातली शेंग सोलून टाकली. मग हळूच म्हणाली, "तिकडेच आहे. पण तुम्हाला कसं सांगायचं कळत नव्हतं." मावशी काटा मांडत म्हणाल्या, "जाऊ द्या की हिला. मंडई काय कुठं पळून चाललीय?" मुलीने फोन काढला, तिथेच कॅनडाला होकार कळवायचं पान उघडलं, शेवटच्या बटनावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. मी मावशींना मेथीचा भाव विचारला. तिने बटन दाबलं.

मग आम्ही चहा प्यायलो. ती व्हिसाचं, स्वेटरचं, आईला कसं समजवायचं याचं बोलत राहिली आणि मी उत्तरं देत राहिले. ती गेल्यावर मी डेक्कनपर्यंत चालत आले, कारण लगेच घरी जावंसं वाटत नव्हतं.

आज पुन्हा रविवार आहे, दुपार. हे कुणाला पाठवायचं नाही. तुमच्या पत्त्यावर आता पत्रे ठोकले आहेत. खोटं बोलल्याबद्दल माफी मागावी म्हणून लिहायला बसले होते, ती मागतेच आहे. पण बाई, तुम्हाला सगळं ठाऊक होतं आणि तुम्ही मला मुकाट्याने जाऊ दिलंत, याचा मला या आठवड्यात रागही आलेला आहे. कुणी कधी मला थांब म्हटलेलं नाही. तुम्ही म्हणाला असतात तर मी थांबले नसते, असंच वाटतं. तरी एकदा म्हणायला हवं होतंत.