भट्टीचं पाणी कुठून येतं

प्रिय ठमे,

कारखाना चालू ठेवून जुना कूलिंग टॉवर बदलायचा म्हणजे धावत्या माणसाच्या अंगातला सदरा बदलण्यासारखं. तू हे काम अंगावर घेतलंस तेव्हा तुझी आई म्हणाली, बापाचंच खूळ घेतलंय पोरीनं. माझ्या अंगावर मात्र मूठभर मांस चढलं. त्या टॉवरखाली मी एकतीस वर्षं काढली. गरम पाणी लाकडी पट्ट्यांवरून टपटपत उतरायचं, गार होऊन परत यंत्रांकडे जायचं, आणि मला त्यात चक्क भुजंगप्रयात ऐकू यायचा. शाळेत पाठ केलेल्या सगळ्या कविता मी त्या ठेक्यावर म्हणायचो. आमचे मिस्त्री ओरडायचे, कविराज, टाकीकडेही बघा, तिला यमक कळत नाही! नवा टॉवर आवाज करत नाही म्हणालीस. असू दे, माझे कानही आता कुठे तसे राहिलेत.

परवा तू फोनवर विचारलंस, बाबा, नकाशाबाहेरचं काही आहे का तिथे? तुझी सगळी टीम ऐकत होती. मी छाती फुगवून सांगितलं, माझ्या पाळीत एक नळीसुद्धा इकडची तिकडे झाली नाही. कुणीतरी हसून म्हणालं, आजोबांची गॅरंटी आहे, मग काय! 

ठमे, मी खोटं बोललो. तू दुसरीत होतीस त्या वर्षी एका दुपारी मी एका कवितेचं विसरलेलं कडवं आठवत बसलो. दोन पाइपलाइनींपैकी दुसरीची टाकी रिकामी झाली, भट्टीला गार पाणी देणारा तिचा पंप कोरडा फिरून जाम झाला. मिस्त्रींनी मला शिव्या घातल्या आणि दहा मिनिटांत भट्टीचं पाणी पहिल्या लाइनवरून जोडलं. माझी नोकरी जाऊ नये म्हणून वरच्यांना काही कळवलं नाही. नवा पंप आला तो दुसऱ्या यंत्रांना लागला. भट्टी तशीच पहिल्या लाइनवर राहिली. जोड नळीवरच्या वेष्टनाखाली झाकला गेला. नकाशा तपासून बरोबर असल्याची सही माझी आहे. मिस्त्री गेले, आता हे फक्त मला माहीत आहे.

तुझ्या नकाशात भट्टी दुसऱ्या लाइनवर आहे, म्हणून उद्या तू पहिली बिनधास्त बंद करशील. करू नकोस. तापलेल्या भट्टीचं गार पाणी तुटेल, शेजारी माणसं उभी असतील. फोनवर हे सांगायला धीर होईना, आणि उशीर करायची सोय नाही, म्हणून पत्र आजच तुझ्या हाती पोचवायला जावईबापूंना बसवून ठेवून लिहितोय. सकाळी पाळी सुरू होण्याआधी मी गेटवर येतो. एक हेल्मेट काढून ठेव. जोड कुठे आहे ते हात लावून दाखवीन, आणि कुणी केलं असं तुझ्या टीममधल्या पोरांनी विचारलं, तर त्यांच्यासमोरच सांगेन.

तुझाच,
खोटी गॅरंटी दिलेला बाबा