प्रमुख परीक्षक, डोंगरवाटा

३ मार्च, सकाळी ६
गावाभोवतीच्या डोंगरात सगळ्यांना झेपतील अशा पायवाटा आखायचं समितीनं ठरवलंय. सोपी, मध्यम, अवघड. बायको समितीची सेक्रेटरी. म्हणाली, चाचणीला तुम्हीच हवे. साहजिक आहे. एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलाय. संकल्प: रोज पाच किलोमीटर. साखर बंद.

४ मार्च
पाऊस येईलसं वाटलं. गेलो नाही.

७ मार्च
अवघड वाट. बरोबर बायको आणि गावचा सुतार. मुद्दाम सावकाश चाललो. पुढाऱ्यानं मागच्यांचा विचार करायचा असतो. (मागे कोणी नव्हतं. दोघं पुढे होती.) दगडी कुंपणापाशी थांबून त्यांना दरी दाखवली. मग झऱ्यापाशी. मग झऱ्यापासून वीस पावलांवर. मी थांबलो की सुतार तिथे खुंटी ठोकायचा. प्रेक्षणीय स्थळं ओळखायला नजर लागते. माथा राहिला. बूट चावत होते.

१२ मार्च
मध्यम वाट. सहा खुंट्या. बायको घड्याळ बघून वहीत काहीतरी टिपत होती. माझी निरीक्षणं असणार. कधी नव्हे ती कदर.

१५ मार्च
सोपी वाट. बरोबर ग्रंथपालबाई, व्हीलचेअरवर. त्यांना धीर दिला: दमलात तर सांगा, संकोच नको. पुढच्या वळणावर त्या माझी वाट बघत होत्या. चाकांची आणि गुडघ्यांची तुलना मुळात चूक.

१९ मार्च, दुपार
विश्वासघात! पेन शोधताना बायकोची वही हाती लागली. 'गट क: लवकर दम लागणारे.' गटात एकच माणूस. मी! पुढे: कुंपण, अकरा मिनिटं, धाप. झरा, धाप. झऱ्यापुढे, पुन्हा धाप; म्हणे दरी बघतोय. खुंट्या बाकांसाठी होत्या! सुताराला ठाऊक. ग्रंथपालबाईंना ठाऊक. त्या 'गट अ: अनुभवी'. बायकोला जाब विचारला. ती म्हणाली, खरं सांगितलं असतं तर आला असतात का? नसतो आलो. पण मुद्दा तो नाही. आजपासून अबोला.

२० मार्च, सकाळी ७
अबोला मोडला. चहापत्तीचा डबा सापडेना.

२६ मार्च
प्रमुख परीक्षकपदाचा तीन पानी राजीनामा दिला. समिती म्हणते, असं पदच नव्हतं.

५ एप्रिल
काल बाक बसले. आज कुणालाही न सांगता निघालो. एकाही बाकाला न टेकता माथा गाठायचा, मग ती वही सगळ्यांसमोर फाडायची. झऱ्याजवळच्या बाकावर गावची म्हातारी सुईण बसलेली. खुबा मोडल्यापासून दोन वर्षं तिनं उंबरा ओलांडला नव्हता. डोळे पुसत म्हणाली, मास्तर, नेमका जीव घाबरा होतो तिथेच बाक! कुणाला सुचलं हो एवढं?
मी, असं सांगायला तोंड उघडलं. शब्द फुटेना, नुसती धाप. तिनं सरकून जागा दिली. माझा श्वास ताळ्यावर येईपर्यंत तिनं सुताराला दुवा देऊनही टाकला.