भिंगाचा स्वभाव

१३ नोव्हेंबर १९६०, रविवार

ल्युबा गेली. तिच्या इंजिनियर नवऱ्याचं भिलाईच्या पोलाद कारखान्यातल्या भट्टीवरचं काम संपलं. दोन वर्षं ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसायची. तिला मराठी येत नव्हतं, मला रशियन. अडलं कधीच नाही.

जाताना स्वतःचा कॅमेरा माझ्या गळ्यात घातला. मी तिला नागपुरी पातळ नेसवलं होतं. बस सुटली तशी तिने खिडकीतून एक खूण केली. मूठ छातीशी धरली, पुढे ओढली आणि किल्लीसारखी फिरवली. पुन्हा पुन्हा. वर ओरडून काही सांगतही होती. मला लगेच कळलं. रशियन निरोप. काळीज काढून दिलं, आता तू कुलूप लावून ठेव.

मीही तशीच खूण केली. तिने कपाळावर हात मारला. त्यांच्यात दुःख असं दाखवत असावेत.

संकल्प: रोज एक फोटो. वर्षभरात क्लबात प्रदर्शन. बेचाळीस म्हणजे काही वय नाही.

१६ नोव्हेंबर

कॅमेरा समजला. एका खिडकीतून बघायचं. मध्ये पिवळसर ठिपका आहे, त्यात प्रत्येक वस्तू दोनदा दिसते. भिंगाजवळची दांडी सरकवली की दोन्ही एकमेकींवर येऊन बसतात. मग बटण दाबायचं.

सासूबाईंवर करून पाहिलं. आधी दोन दिसल्या. घाबरले. दांडी सरकवली, एक झाल्या. बरं वाटलं.

पुस्तिका रशियनमध्ये आहे. हे म्हणाले, प्लँटमधल्या दुभाष्याला विचारून येतो. मी नको म्हटलं. हे ड्रॉइंग ऑफिसात हेडक्लार्क आहेत, त्यांना प्रत्येक गोष्टीला वरची सही लागते. मला नाही लागत. खिडकीतून लख्ख दिसतं, आणखी काय हवं?

२९ नोव्हेंबर

रोज एक फोटो झाला नाही. लाल धूळ फार. धुतलेलं पातळ वाळेपर्यंत विटकरी होतं, तिथे कॅमेरा बाहेर कसा काढायचा? पण रोल संपला. हे दुर्गला भाऊरावांच्या स्टुडिओत देऊन आले.

संकल्प: उद्यापासून रोज दोन.

८ डिसेंबर

फोटो आले. हे बराच वेळ बघत होते, मग विचारलं, हे पाण्यात काढलेत का?

थोडे मऊ आहेत, मान्य. चेहऱ्यांच्या कडा नाहीत. नाक, डोळे हे तपशील भिंगाने घेतलेले नाहीत. भाऊरावांनी निरोप धाडला की वहिनींचा हात हलला असावा, कॅमेरा एकदा दाखवायला आणा. आणा म्हणे. दुर्गमध्ये इतकी वर्षं त्यांचा एकट्याचा स्टुडिओ. आता भिलाईत कोणी उभं राहतंय म्हटल्यावर कॅमेरा बघायची घाई झाली.

कॅमेरा दाखवणार नाही.

९ डिसेंबर

विचार केला. ही चूक नव्हे, भिंगाचा स्वभाव आहे. जुनं भिंग माणसासारखं असतं. एखादं कडक, सुरकुती न् सुरकुती मोजणारं. एखादं समोर उजेड आला की डोळे मिटणारं. ल्युबाचं भिंग दयाळू आहे, ते माणसाचे दोष बघत नाही. माझ्या तरी डोळ्यांना हे जमलं असतं का?

पुरावाही मिळाला. समोरच्या क्वार्टरमधल्या ठकूबाई, आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष, आपला फोटो घेऊन उन्हात गेल्या. पातळाच्या काठावरून त्यांना स्वतःची ओळख पटली. गालावरचे वांग गेले होते. खरं म्हणजे गालही गेले होते, पण त्या खूश होत्या.

शेजारची कांता तेवढी म्हणाली, मावशी, माझं नाक कुठं ठेवलं? नवीन पिढीला नाकापलीकडे दिसत नाही.

११ डिसेंबर

सासूबाईंनी मात्र खरी कदर केली. त्यांना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. फोटो डोळ्याला चिकटवून पाहिला आणि म्हणाल्या, "बरोबर काढला वं माय. मले असंच दिसते सारं."

जाणकाराचा एक शब्द पुरतो.

२८ डिसेंबर

मंडळाच्या सभेत जिंकले. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सगळ्यांचा ग्रुप फोटो काढून मंडळाच्या नव्या खोलीत लावायचा आहे. भाऊरावांना सांगून ठेवलं होतं. मी उभी राहिले आणि म्हटलं, घरचं माणूस असताना दुर्गचं कशाला? ठकूबाई वांग आठवून लगेच हो म्हणाल्या.

शेवटी सगळ्यांना रशियन निरोप शिकवला. आता आमच्या गल्लीत कोणी नुसतं "येते" म्हणत नाही. मूठ ओढतात, फिरवतात. चरोद्याच्या रेल्वे कॉलनीतल्या बायका लोकलच्या खिडकीतून करत गेल्या. छान दिसलं.

८ जानेवारी १९६१

एक गोष्ट ठरवली आहे. कोणाला बोललेले नाही.

सासूबाई ऐन तारुण्यात विधवा झाल्या. घरात हळदीकुंकू असलं की त्या मागच्या खोलीत जाऊन बसतात. कोणी जा म्हणत नाही, त्याच उठतात. वाणाचं सामान मात्र सगळं त्यांच्या हातचं, तिळगूळ त्यांचा. जन्मात त्यांचा नीट फोटो नाही. माझ्या रोलमध्येही त्या मोरीकडे जाताना पाठमोऱ्याच आल्या. फेब्रुवारीत नागपूरला ऑपरेशन, आणि पुढे तिथेच थोरल्या दिरांकडे राहायचं चाललं आहे.

त्या फोटोत मधल्या खुर्चीवर बसतील. मंडळाच्या भिंतीवर. कायम.

१५ जानेवारी

ठकूबाईंना कळलं. मला बाजूला घेऊन समजावलं की रीत नाही, बायका कुरकुरतील, त्यापेक्षा म्हातारीचा वेगळा काढा. मी म्हटलं, कॅमेरा माझा, तर मधली खुर्ची कोणाची ते मी ठरवीन. नाहीतर बोलवा दुर्गच्या माणसाला, आणि मोजू द्या त्याला सगळ्यांचे वांग.

गालाला हात लावत घरी गेल्या. हे ऐकून देवराव (रागात नवऱ्याचं नावच येतं) म्हणाले, आधी एक रोल काढून खात्री करून घे. खात्री. मी भट्टीचा बोल्ट नाही.

२२ जानेवारी, रविवार

झालं. अंगणात दोन ओळी. ऊन स्वच्छ. चरोद्याच्या बायकाही आल्या होत्या. सासूबाई येईनात. मागच्या खोलीच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "मले कावून ओढतेस? लोकायचा सण नासवतेस."

मी म्हटलं, "सण भिंगाला कळत नाही, आई. त्याला माणूस कळतो."

हात धरून आणलं, खुर्चीत बसवलं. दोन बायका उठून गेल्या, कांता त्यांना परत घेऊन आली. सासूबाईंनी पांढऱ्या लुगड्याचा पदर डोक्यावरून ओढला, पाठ ताठ केली. खिडकीत दोन झाल्या, दांडी सरकवली, एक झाल्या. इतकं लख्ख मी आजवर काही पाहिलं नाही.

जन्मातलं एक काम झालं. प्रदर्शनात हाच पहिला.

२ फेब्रुवारी

ग्रुप फोटो आला.

भिंग या वेळी जरा जास्तच दयाळू झालं. धुक्यात कपडे वाळत घातल्यासारखं काहीसं. मधोमध एक पांढरा डाग.

ठकूबाईंनी तो सगळ्यांसमोर हातात घेतला. मी भांडायच्या तयारीत होते. त्यांनी नुसतं म्हटलं, "बरं झालं वं कमलताई. मधात पिठाचं पोतं ठेवलं होतं म्हनून सांगता येते."

बायका हसल्या. फोटो मला परत दिला. भिंतीवर लावण्यासारखा नाही म्हणे. चैत्रात भाऊरावांना बोलावणार. तोवर सासूबाई नागपूरला असतील.

एवढं भांडून त्यांना मध्ये बसवलं, आणि कोणाला विरोध करायचीसुद्धा गरज पडली नाही.

दोष ऊन जास्त असण्याचा आहे. रोलचा असेल. भाऊरावांनी मुद्दाम केलं नसेल कशावरून?

३ फेब्रुवारी

सासूबाईंनी फोटो डोळ्याला लावला. विचारलं, मी आहे ना यात? म्हटलं, मधोमध. बराच वेळ धरून बसल्या होत्या.

१० फेब्रुवारी

हे सासूबाईंना नागपूरला घेऊन गेले. घर फार मोठं वाटतं. आज फोटो काढला नाही. काल, परवाही नाही. उजेड बरा नाही.

२६ फेब्रुवारी, रविवार

लिहायचं की नाही, कळत नाही.

रशियन सेक्टरमधून आणखी एक कुटुंब गेलं. ल्युबाची मैत्रीण. मी निरोपाला गेले, कॅमेरा गळ्यात. बस सुटायच्या आधी मी मूठ छातीशी धरली, ओढली, फिरवली. ती गोंधळली. मी पुन्हा केलं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग कॅमेऱ्याकडे. मग "आ, दा, दा" (हो, हो) म्हणत खाली उतरली, भिंग बोटांत धरलं, पुढे ओढलं आणि किल्लीसारखं फिरवलं.

खट् झालं.

भिंग आत दडवलेलं होतं. न वापरताना आत ढकलून ठेवायचं, फोटो काढताना ओढून वळवायचं. खिडकीला त्याचा पत्ता नसतो, ती वेगळी असते. तिच्यातून कायम लख्खच दिसतं.

ती माझ्या गालाला हात लावून बसमध्ये चढली. तिने साधा हात हलवला. त्यांचा निरोप असाच असतो तर.

परत येताना गल्लीतल्या तीन दारांतून मुठी फिरल्या. मीही फिरवली. काय करणार?

२७ फेब्रुवारी

कोणाला सांगितलं नाही. यांनाही नाही. भाऊरावांची माफी मनातल्या मनात मागितली. एवढं पुरे.

१९ मार्च

सासूबाई चार दिवसांसाठी सामान न्यायला आल्या. जाड भिंगांचा चष्मा, डोळे मोठे मोठे दिसतात. दारातच माझ्याकडे बघून म्हणाल्या, किती वाळलीस. चार दिवसांतच हाती द्यायचा म्हणून लगेच खिडकीजवळ बसवून फोटो घेतला. ओढलं, वळवलं, खट्.

२३ मार्च

फोटो आला. कॅमेरा उत्तम आहे. पापणी न् पापणी मोजता येईल. भाऊरावांनी पाकिटावर "फारच छान" लिहिलं आहे. त्यांच्याबद्दल माझं मत सुधारत आहे.

सासूबाईंनी चष्मा नीट केला, पाहिलं आणि विचारलं, ही म्हातारी कोण? मी पाकिटाची घडी घालत राहिले. त्यांना कळलं. फोटो पालथा ठेवला. मग म्हणाल्या, "तो हळदीकुंकवाचा आन."

आणला. नव्या डोळ्यांनी त्यांनी तो नीट पाहिला. त्या धुक्यात बोट थेट पांढऱ्या डागावर ठेवलं. "हे मी. साऱ्यायच्या मधात." मग ट्रंक उघडून फोटो लुगड्यांच्या घडीत ठेवला. मी सांगायला गेले की आई, तो चुकलेला आहे. त्यांनी ट्रंकेचं झाकण लावलं.

२४ मार्च, सकाळ

दुर्ग स्टेशनवर पोचवायला गेलो. ठरवून गेले होते की आज जन्मातला फोटो काढायचा. रोल नवा. भिंग बाहेर, वळवलेलं, घरून निघतानाच तीनदा पाहिलेलं.

गाडी हलली. सासूबाई खिडकीशी होत्या, चेहऱ्यावर पूर्ण ऊन. त्यांनी मूठ छातीशी धरली, पुढे ओढली, फिरवली. असा फोटो पुन्हा मिळणार नव्हता.

माझा उजवा हात खूण करण्यात गुंतला होता. फोटो राहिला.