पालथा पेला

मंगळवार, १४ मे. कळंब

तो पेला काही डोक्यातून जात नाही. संध्याकाळची गाडी चुकली असती तर बरं झालं असतं.

आज आईला भेटायला भूमच्या वृद्धाश्रमात गेले. तिथं प्रत्येक खाटेशेजारी स्टीलचा एक पेला असतो. दुपारचा चहा नुकताच झाला होता आणि ओळीनं सगळे पेले पालथे. एवढ्या उन्हाळ्यात!

आईचे ओठ सालपटले होते. "पाणी आणलंस का?" हेच पहिलं बोलली. घरी आल्यागेल्याच्या हातात आधी पाणी देणारी माझी आई.

तिथं सगळ्यांचं करणाऱ्या मावशींना विचारलं. त्या हसल्या. "चहानंतर पाणी देत न्हाय आमी, ताई. रातच्याला गाद्या वल्ल्या करत्यात. आता बघा, कुठं वास येतोय का?"

नाही येत. वास येत नाही म्हणूनच तर ही जागा पसंत केली ना मी? कोपऱ्यातल्या आजी कालपासून गुंगीत आहेत. मावशी म्हणतात, वय झालं. वयानंच का?

माझ्या बाटलीतलं पाणी मी पेल्यात ओतलं. दाराकडं बघत आईनं ते घटाघटा संपवलं. मी मावशींना जाब विचारायला उठले, तर तिनं माझं मनगट घट्ट धरलं. "काही बोलू नको. तू जाशील गाडीनं. मला हितंच ऱ्हायचंय."

मग पदरानं तिनं पेला आतून कोरडा पुसला आणि स्वतःच पालथा घातला.