कौतुकाच्या दोन ओळी

३ तारीख, सोमवार

पोचलो एकदाच्या, मी आणि माझी सहा वर्षांची लेक बिट्टी. चित्रकारकाकांच्या चित्रांचं पुस्तक निघतंय. प्रत्येक चित्राखाली कौतुकाच्या दोन ओळी लिहायच्या, एवढंच माझं काम. राहायला त्यांच्याच घरातली वरची खोली. चित्रं पाहून मी तर खुळावलेच! जपानी मांगा चित्रकथांसारखे बशीएवढे डोळे, वाऱ्याच्या तिरक्या रेघा, काळीभोर शाई. आणि मध्येच उघड्या छत्रीतून मासे बाहेर पडताहेत, कुणाच्या केसांचा जिना होऊन खिडकीबाहेर चाललाय. कौतुक करताना मी हात आखडता घेत नाही, हे काकांना फार आवडलं. बिट्टी दिवसभर घरातल्या मांजराच्या मागे होती.

५ तारीख, बुधवार

बेसिनमध्ये झोपलेल्या मांजराच्या चित्राखाली लिहिलं, कानाची घडी इतकी जिवंत की फुंकर मारावीशी वाटते. तेव्हापासून मांजर दिसत नाही. बिट्टीने रडून घर डोक्यावर घेतलंय. काकांच्या बहिणीला विचारलं तर म्हणाल्या, चांगलं लिहिलंत की असंच होतं. मला हसूच आलं.

७ तारीख, शुक्रवार

हसू पळालं. भिंतीवरच्या घड्याळाच्या चित्राचं कौतुक लिहून मान वर केली, तर भिंतीवर नुसता खिळा. घाबरून ओळी खोडल्या, लिहिलं, काटे बेंगरूळ. खरंच होते. घड्याळ पुन्हा जागेवर, टिकटिक चालू. मग मांजराच्या कानालाही नावं ठेवली, पण ते काही आलं नाही. बहीण म्हणाल्या, खोटं चालत नाही, चित्र मनातून उतरावं लागतं.

उद्याच निघायचं.

८ तारीख, शनिवार, सकाळ

बॅग भरली. बिट्टीला मोजे घालून खाटेवर बसवलं, तिची छत्री आणायला खाली गेले. टेबलावर नवा कागद, शाई ओली. स्टुलावर मुलगी, पाय लोंबकळताहेत, वेणीतून मासे सुटताहेत, एक मोजा घसरलेला. तोंडून निघूनच गेलं — अहाहा.

मग मोजा ओळखला.

वर धावले. खाट रिकामी —

शनिवार, दुपार

लिहितेय. चित्र वाईट आहे. रेषा ढिल्या — खोटं. पुन्हा. शाई फिसकटलीय — कुठे? काका समोर बसून पेन्सिलीला टोक काढताहेत.

एक दोष. एकच खरा दोष हवा. बोटं? — पाच. मासे —

डोळे! डोळे मोठे. फारच मोठे. त्यात पाणी आलंय, आणि पाण्यात मी, दारात उभी, हातात छत्री — किती हुबे