तिसरा घोडा, सातशे एमबी

२३ एप्रिल २००७, सोमवार
निर्णय पक्का. माझा सिनेमा घरी डाउनलोड करायचा. सूनबाई ललिताच्या कामासाठी ब्रॉडबँड आलंच आहे. १९६१ साली चांदवडच्या घाटात शूटिंग झालं. डाकूंच्या टोळीत तिसऱ्या घोड्यावर मी. डावा गुडघा तेव्हापासून दुखतो. कलेसाठी सोसावं लागतं.
जत्रेच्या तंबूत लागला तेव्हा नेमकी घोड्यांच्या आधी फिल्मची पट्टी तुटली, म्हणून स्वतःला पाहणं राहिलं. मेव्हणा केरू याचाच फायदा घेतो. परवा त्याच्या मुलीच्या हळदीत मांडवभर लोकांसमोर म्हणाला, दाजी, घोडा तरी खरा होता का? सगळे हसले. ६ मेला, रविवारी, त्याला चांदवडहून जेवायला बोलावलं आहे. मग बघू कोण हसतं.

२४ एप्रिल
ललिता म्हणाली, नाना, ही चोरी आहे. म्हणालो, मी त्यात काम केलंय, माझंच मी परत घेतोय. तिनं लावून दिलं. सातशे एमबी. जगभरच्या लोकांकडून तुकडे गोळा होतात म्हणे. म्हणजे आपली सावडच, एकमेकांच्या शेतात राबायची.
आमची वत्सलाबाई म्हणाली, अहो, त्या सिनेमावाचून काय अडलंय? घोड्याचा विषय निघाला की ही उठून स्वयंपाकघरात जाते. अभिमान लपवायचा स्वभाव. लग्नात अंतरपाट बाजूला झाला तेव्हाही मला बघून हसली होती. सिनेमातला माणूस समोर उभा. हसणारच.

२६ एप्रिल, दुपारी ३
१९ टक्के. लोडशेडिंग. शांत राहायचं ठरवलं आहे.
३.१०. अजून वीज नाही. हा केरूचा तळतळाट.

२८ एप्रिल
३१ टक्के. मोडेम तापतो. ललिता दोन दिवस घोटीला माहेरी गेली, तेव्हा जबाबदारी माझ्यावर. शिक्षण सातवी असलं तरी बाजार समितीत तीस वर्षं कांदा मापला आहे. हवा खेळती नसली की माल सडतो. मोडेम खिडकीत चार विटांवर चढवला. वरून टेबलफॅन. लगेच गार.

२९ एप्रिल
३१ टक्के. मोडेम मात्र थंडगार.

३० एप्रिल
ललिता आली. विटांवर चढवताना फोनची वायर निसटली होती. म्हणाली, नाना, याला हवा नको, वायर लागते. चूक विटांची. एक बुटकी होती.

४ मे
९८ टक्के. कालही ९८ होते. जेवण जात नाही. केरूला फोन करून सांगितलं, नुसता तू नको, व्याह्यांनाही आण. म्हणाला, चष्मा पुसून येतो, दाजी.

५ मे, संध्याकाळी ५.४०
शंभर! पेढे आणले. ललिता म्हणाली, आधी एकदा बघून घ्या. म्हणालो, गरज नाही. मी तिथं हजर होतो.

६ मे, रविवार
सतरा माणसं. मी कोट घातला. घोडे आले. पहिला दिसला. दुसरा दिसला. तिसऱ्याचं तोंड दिसलं, आणि चित्र बदललं. विहीर. विहिरीवर एक पोरगी, हातात बादली, खळखळून हसतेय. पडदाभर चेहरा.
केरू ओरडला, अगं अक्का, ही तर तू! सतरा जण टाळ्या वाजवायला लागले. व्याहीबुवांनी पेढा तिच्या हातावर ठेवला. माझा पेढा.
मी विचारलं, आजवर बोलली का नाहीस? म्हणाली, बोलले असते तर कशाला हसले तेही सांगावं लागलं असतं. घाटात घोड्यावरून एक जण पडला होता, हातपाय वर करून. कोण ते अंतरपाट काढल्यावर कळलं.
केरूनं सीडी मागितली आहे. बहिणीसाठी.

७ मे
गुडघा फार ठणकतो. ललितानं विचारलं, कॉम्प्युटरवर जागा अडते, सिनेमा पुसून टाकू का? म्हणालो, राहू दे. विहिरीचं तेवढं अकरा वेळा लावून पाहिलं. ही उजवीकडं बघून हसते. मी डावीकडं पडलो होतो. म्हणजे तो दुसराच कोणी असणार. लगेच जाऊन हिला सांगितलं.
ही उठून स्वयंपाकघरात गेली. आज हसण्याचा आवाज बाहेरपर्यंत आला.