सगळ्यांनी म्हटलेलं माझं वाक्य

शनिवार, ८ नोव्हेंबर

आज मी काय केलं ते मलाच कळलेलं नाही.

चैतालीकडे पास होते. ऑफिसात माझ्या शेजारी बसते ती, तिला असल्या प्रयोगांचं वेड. प्रज्ञेशला म्हटलं, चल, नाहीतर घरी बसून व्हिसाचे कागदच लावशील. नवरोबा आले. कर्वेनगरातच, एका बंद पडलेल्या छापखान्याचा हॉल. स्टेज नाही. गोल खुर्च्या, मध्ये माइक. तीन कलाकार — एक कन्नड बोलणारा, एक बंगाली बाई, ईशान्येकडची एक खासी बोलणारी मुलगी. प्रेक्षकांतल्या कुणीही मध्ये यायचं आणि घरी कधीच न बोललेलं एक वाक्य आपल्या घरच्या भाषेत बोलायचं. ते तिघं ते आपापल्या भाषेत म्हणणार. शेवटी सगळ्यांनी मिळून मूळ वाक्य म्हणायचं.

एक काका म्हणाले, मला साबुदाण्याची खिचडी मुळीच आवडत नाही. हशा. मीही हसत हसतच उठले. असंच काहीतरी गमतीचं बोलणार होते. माइकसमोर गेले आणि तोंडातून आलं — मले नाही जायचं.

मले! अकोल्याहून इथे शिकायला आले तेव्हा होस्टेलच्या मुली हसायच्या, म्हणून सोडलेलं बोलणं. वर डोळ्यांतून पाणी. कन्नडमध्ये ऐकलं, बंगालीत ऐकलं, खासीत ऐकलं. मग अख्खा हॉल एकदम — मले नाही जायचं. त्यात प्रज्ञेशचा आवाज सगळ्यांत मोठा. मग टाळ्या.

बाहेर चपला शोधताना एक काकू म्हणाल्या, "छान बसवलंय हो तुम्ही. रडणं तेवढं जरा कमी करा."

रविवार, ९ नोव्हेंबर

प्रज्ञेशनं व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलंय — आमच्या घरची नटी. सासूबाईंचा अंगठा, नणंदेचे बदाम.

चहा गाळताना विचारलं, कसं वाटलं तुला? म्हणाला, "एक नंबर. अंगावर काटा आला." आणि लगेच, त्याच्या नव्या नोकरीच्या गावी, आइंडहोवनला, आपला कुकर चालेल का, का तिथेच घ्यायचा?

आता काय करावं या माणसाचं? माइकवर सांगितलं, चार भाषांत सांगितलं. याहून मोठ्यानं कसं सांगतात?

सोमवार, १० नोव्हेंबर

बरं, पण नक्की का नाही जायचं? कुणी विचारलंच तर काय सांगणार मी? त्याला तिकडची नोकरी मिळाली तेव्हा पेढे मीच आणले. खोटे नव्हते, खरंच आनंद झाला होता. कागद जमवायलाही मीच धावले. मग ऑगस्टमध्ये मला टीम मिळाली. आता खराडीच्या ऑफिसात सात जण माझं ऐकतात. तिथे मी कोण? त्याच्याबरोबर आलेली. एवढंच आहे का हे? का परवा मी नुसतं नाटक केलं, आणि टाळ्या पडल्या म्हणून मलाच ते खरं वाटायला लागलं?

राग येतोय. कुणाचा, ते ठरत नाहीये.

बुधवार, १२ नोव्हेंबर

आईचा फोन, अकोल्याहून. व्हिडिओ तिच्यापर्यंत पोचलाच.

"खरंच म्हनलं काय व तू ते?"

मी म्हटलं, अगं, नाटक होतं ते. "बरं," म्हणाली. मग — "जेवली काय?"

हिलाही खोटं सांगितलं. का सांगितलं?

शनिवार, १५ नोव्हेंबर

बंगाली बाईंनी चैतालीकरवी निरोप पाठवला होता — लोकांना फार आवडलं, पुन्हा याल का, तेच वाक्य बोलाल का? गेले. वेडी आहे मी. वाटलं, आज तरी त्याला कळेल.

खणखणीत बोलले. एक थेंब पाणी आलं नाही. प्रज्ञेश समोरच बसला होता, पायावर पाय टाकून. टाळ्या कमी पडल्या. चैताली म्हणते, मागच्या वेळी जास्त नॅचरल वाटलं होतं.

आता मलाही माझं खरं वाटेना.

सोमवार, १७ नोव्हेंबर

उद्या व्हिसाची अपॉइंटमेंट, दोघांची. त्यानं माझाही ड्रेस इस्त्रीला देऊन आणलाय.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

गेले नाही. सकाळी दारातच सांगितलं. माइक नाही, माणसं नाहीत. प्रज्ञेश, मला यायचं नाही.

तो बुटाची लेस बांधत होता. वर न बघता म्हणाला, "माहितीये. पहिल्याच दिवशी कळलं होतं मला."

मग टाळ्या कशाला वाजवल्यास?

"सगळे वाजवत होते."